प्रमा म्हणजेच 'समर्थित सत्य विश्वास' का? (एम.ए. तत्त्वज्ञान, ज्ञानमीमांसा)

निळी_शाई

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.ए. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याआधी बी.एस्सी. आणि डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा). सकाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, दुपारी लेक्चरं. ज्ञानमीमांसेचा पेपर मनापासून आवडतोय, म्हणूनच एका गोष्टीवर अडून बसले आहे.

वर्गात फिरणाऱ्या नोट्समध्ये सरळ समीकरण मांडलंय: प्रमा (न्यायदर्शनातलं खरं ज्ञान) म्हणजेच पाश्चात्त्यांचा 'समर्थित सत्य विश्वास', म्हणजे योग्य कारणं असलेला खरा विश्वास. यथार्थ म्हणजे सत्य, अनुभव म्हणजे विश्वास, प्रमाण (ज्ञान मिळवण्याचं साधन) म्हणजे समर्थन. पण 'तर्कसंग्रह' या न्यायदर्शनाच्या ग्रंथात अन्नंभट्ट म्हणतो, 'तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः'. समोर खरोखर चांदी आहे आणि 'ही चांदी' असा अनुभव झाला, की झाली प्रमा. यात समर्थन कुठे आहे? मला तरी दिसत नाही. मग उत्तरात समीकरण लिहायचं की नाही?

दुसरं म्हणजे गेटियर. समर्थित सत्य विश्वास असूनही ते ज्ञान नसू शकतं, हे दाखवणारा १९६३ सालचा त्याचा तीन पानांचा लेख वाचला, कळला. त्यानंतरचे उपाय आणि त्या उपायांना पाडणारी उदाहरणं मात्र संपतच नाहीत. एकेक पाठ करतेय आणि सगळी एकमेकांत मिसळतायत. हे वाचायचं कसं?

सेट_नेट_२

ताई, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर पाठांतराला पर्याय नाही. जोड्या लावा हमखास असतात. क्लार्क: खोट्या पायरीवरून जायचं नाही. गोल्डमन १९६७: वस्तुस्थिती आणि विश्वास यांत कार्यकारणाचा दुवा हवा. गोल्डमन १९७९: विश्वासार्ह प्रक्रिया. नोझिक १९८१: गोष्ट खरी नसती तर तुमचा तसा विश्वासही नसता. एवढं एका पानावर लिहून भिंतीला लावा. समीकरणाचं म्हणाल, तर परीक्षकाला जे अपेक्षित आहे ते लिहून मोकळं व्हावं.

जुनी_सायकल

मी आयुष्यभर हाच विषय कॉलेजात शिकवला, म्हणून सविस्तर लिहितो. निळी_शाई, तुमची शंका रास्त आहे. उत्तरपत्रिकेत ती शंका म्हणूनच मांडा. विचार करून लिहिलेलं उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येतं.

आधी स्मृती घ्या. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. या घटकेला ते नुसतं आठवतंय. समर्थित सत्य विश्वासाच्या हिशेबाने हे पक्कं ज्ञान. तुम्ही गाढ झोपेत असलात तरी ते तुम्हाला ठाऊक असतंच. नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याला, विचारा. तो म्हणेल, आठवण यथार्थ आहे, पण प्रमा नाही, कारण प्रमा हा अनुभव असावा लागतो आणि स्मृती म्हणजे संस्कारातून, आधीच्या अनुभवाच्या मनावरच्या ठशातून, उठलेलं ज्ञान. म्हणजे एकीकडे माणसाची टिकून राहणारी स्थिती मोजली जातेय आणि दुसरीकडे आत्म्यात उपजून मावळणारी एक घटना. दोघांमध्ये बरोबरीचं चिन्ह घालताच येत नाही. इतका मोठा फरक नोट्समध्ये एका ओळीनेही येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता समर्थन. तुमच्याच लॅबमधलं बोलू. रोज सकाळी पेशंटची सॅम्पलं लावण्याआधी तुम्ही मशीनवर कंट्रोल, म्हणजे व्हॅल्यू आधीच माहीत असलेला नमुना, चालवत असाल. त्याची व्हॅल्यू ठरल्या मर्यादेत आली की मग पुढचं काम. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा. साखरेचा आकडा बरोबर यायला मशीन नीट असावं लागतं. ते नीट आहे हे कुणाला माहीत असण्या-नसण्याने आकडा बदलत नाही. न्यायदर्शनाचा प्रमाणविचार मुळात इथे उभा आहे: ज्ञान कशातून उपजलं, त्याचं करण, म्हणजे साधन, निर्दोष होतं का. गोल्डमनचा १९७९ चा विचार याच्या बराच जवळ येतो. मशीन नीट आहे हे कळणं मात्र दुसरी गोष्ट, आणि कंट्रोल तिच्यासाठी. ज्ञान खरं आहे हे असं दुसऱ्या ज्ञानातून कळणं, यालाच नैयायिक परतःप्रामाण्य म्हणतात. लांबून पाणी दिसलं, गेलात, प्यायलात, तहान भागली. मग अनुमानाने कळलं की आधीचं ज्ञान प्रमा होतं. मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनाचे लोक, इथेच त्यांना पकडतात. कंट्रोलची बाटली चांगली आहे हे कशावरून? तिची मुदत संपली असेल तर? त्यासाठी आणखी एक कंट्रोल लावणार का? ही अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, टाळायची तर ज्ञान स्वतःच प्रमाण मानावं आणि त्याला खोटं ठरवणारं काही समोर आलं तरच सोडावं, असं त्यांचं म्हणणं. हा वाद तुम्ही रोज हाताने करता त्या कामातच आहे, तो सोडू नका.

गेटियरचं सांगतो. उदाहरणं पाठ करू नका. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कारण आणि सत्य यांचा सांधा नेमका कुठे निखळला? स्मिथला वाटतं की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात १० नाणी आहेत हे त्याने मोजलेलं आहे. म्हणून तो मानतो, 'नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात १० नाणी आहेत'. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, १० नाणी असतात. इथे सांधा मधल्या खोट्या पायरीवर निखळला. म्हणून त्याच वर्षी क्लार्कने ती पायरीच बंद केली. मग गोल्डमनच्या १९७६ च्या लेखातला मोटारीतून जाणारा हेन्री पाहा. त्या भागात कोठारांचे नुसते दर्शनी देखावे उभे केलेत, हे त्याला माहीत नाही. त्याची नजर नेमकी एकमेव खऱ्या कोठारावर पडते. खोटी पायरी कुठेच नाही, वस्तूशी कार्यकारणाचा दुवाही शाबूत, तरी आपण 'त्याला कळलं' म्हणायला कचरतो. म्हणजे १९६७ चा स्वतःचाच उपाय गोल्डमनला पुरेना. असा धागा धरलात की नावं आपोआप लक्षात राहतील.

आणि समर्थित सत्य विश्वास 'ही व्याख्या प्लेटोने दिली' असं लिहू नका. त्याच्याच 'थिएटेटस' संवादात ती तपासून शेवटी नाकारलेली आहे.

काशीची_वाट

सरांशी बहुतांश सहमत. एक भर घालते. व्याख्येत समर्थन नाही, हा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे. बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्या'त नैयायिकांवर हाच हल्ला चढवला. मुठीत कवड्या झाकून कुणी विचारतो, किती? समोरचा म्हणतो, पाच. निघतातही पाचच. अनुभव यथार्थ झाला, मग याला प्रमा म्हणणार का? धुक्याला धूर समजून डोंगरावर अग्नी आहे असं अनुमान केलं आणि तिथे खरोखर अग्नी निघाला, हेही त्याच जातीचं. गेटियरच्या आठशे वर्षं आधीचं आहे हे. पण श्रीहर्षाला नवी, सुधारलेली व्याख्या द्यायचीच नव्हती. कुठलीच व्याख्या टिकत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. 'भारतीय गेटियर' म्हणून त्याची ओळख करून देतात, तेव्हा हा हेतू हरवतो. इंग्रजी चालत असेल तर बिमलकृष्ण मतिलाल जरूर वाचा.

निळी_शाई

सर, काशीताई, मनापासून आभार. समीकरण मी मांडीन, आणि स्मृतीच्या मुद्द्यावर ते का मोडतं ते लिहीन. कंट्रोलच्या बाटलीचं वाचून आज सकाळी काम करताना तोच विचार चालू होता.

त्यातूनच पुढचा प्रश्न. रिपोर्टवर सही होते, तो डॉक्टरांकडे जातो, ते वाचून औषध बदलतात. त्यांनी ना मशीन पाहिलं ना कंट्रोल. त्यांना साखर कळली ती शब्दप्रमाणाने, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून, की 'ही लॅब सहसा चुकत नाही' अशा अनुमानाने?

जुनी_सायकल

उत्तम प्रश्न, आणि दोन्ही बाजूंना माणसं आहेत. वैशेषिक आणि बौद्ध शब्दाला वेगळं प्रमाण मानत नाहीत, त्याला अनुमानातच घालतात. पाश्चात्त्यांपैकी ह्यूमचा कलही तिकडेच: साक्षीवर विश्वास का, तर साक्षी खऱ्या निघतात असा आजवरचा अनुभव. थॉमस रीड त्याच्या विरुद्ध: लहान मूल असा हिशेब न करताच ऐकलेलं खरं मानतं, आणि तो स्वभाव नसता तर ते काहीच शिकलं नसतं. नैयायिक शब्द स्वतंत्र मानतात, अट एवढीच की बोलणारा आप्त हवा, म्हणजे यथार्थवक्ता. आणि आप्त कोण, तर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आपल्या भाष्यात स्पष्ट लिहितो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. जात-पद नाही, ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो. तुमच्या रिपोर्टपुरत्या आप्त तुम्ही. न्यायसूत्र १.१.७ आणि त्यावरचं भाष्य आधी वाचा, ह्यूम नंतर.