पायथॉनचं मॅथ.एक्स्प ३३२व्या मिनिटाला का कोसळतं?

लडीवाला_सोलापूर
घर साखर पेठेत, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. पप्पा सूत रंगवायच्या कामावर आहेत. नवीन शेड आला की आधी पाच लिटरच्या पातेल्यात नमुना काढतात. सोपिंगचं (रंगवल्यावर साबणाने धुण्याचं) पाणी ९० अंशांवर असतं, ते ६० च्या खाली आल्याशिवाय लडीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. म्हटलं, किती वेळ थांबायचं ते प्रोग्रामच सांगेल. न्यूटनचा थंड होण्याचा नियम (पाणी आणि खोलीच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकं पाणी वेगाने थंड होतं) सरांनी शिकवलेला होताच.

खोलीत ४० अंश (मे महिना, पत्र्याचं छत, दुसरं काय असणार). दहा मिनिटांत पाणी ९० वरून ७५ वर आलं, त्यावरून के (थंड होण्याचा वेग सांगणारा आकडा) काढला ०.०३५७. मग लिहिलं:

तापमान = ४० + ५० * मॅथ.एक्स्प(के * वेळ)

(मॅथ.एक्स्प म्हणजे ई, साधारण २.७१८, या संख्येचा घात.) वेळ सेकंदांत, दर ६० सेकंदांनी एक ओळ, रात्रभराचे आठ तास. आकडे वाढतच गेले. ३२९व्या मिनिटाला शेपटीला 'ई प्लस ३०७' लागलेला आकडा, ३३० आणि ३३१ ला नुसतं 'इन्फ' (म्हणजे अनंत), आणि ३३२ ला 'ओव्हरफ्लो एरर: मॅथ रेंज एरर'. आधी इन्फ आणि मग एरर, हे असं का? एक्स्प फंक्शनमध्येच काही घोळ आहे का?

जुना_सी_वाला
फंक्शन बिचारं बरोबर आहे. तुमचं पातेलं मात्र सूर्यापेक्षा गरम झालंय, ते बघा आधी. के च्या आधी उणे चिन्ह कुठे गेलं?

आता ३३२ चं. पायथॉनचा फ्लोट (दशांश संख्या) ६४ बिटांचा असतो, त्यात साधारण १.८ गुणिले १० चा ३०८वा घात एवढंच मावतं. म्हणून एक्स्पला ७०९.७८ पर्यंतचा घातांक चालतो. ३३१ मिनिटं म्हणजे १९८६० सेकंद, गुणिले ०.०३५७ झाले ७०९.००. जेमतेम मावलं. पुढच्या मिनिटाला ७११.१४, संपलं. आणि इन्फ आलं ते एक्स्पमुळे नाही, तुमच्या ५० मुळे. एक्स्पचं उत्तर मावलं, पण त्याला ५० ने गुणल्यावर मावेना. साधा गुणाकार फुगला तर पायथॉन गुपचूप इन्फ देतो, मॅथ.एक्स्प मात्र एरर फेकतं.

हुतात्मा_एक्सप्रेस
काय बे, मी पण पहिल्या सेमला तो 'ई प्लस ३०७' मधला ई म्हणजे २.७१८ वाला ई समजलो होतो. तो १० चा घात सांगतो फक्त. आणि मॅथ.एक्स्पच वापर, हाताने २.७१८ चा घात करत बसू नको. छोट्या घातांकाला चालून जातं, पण ७०० व्या घाताला उत्तर सात टक्के कमी येतं. मी करून बघितलंय.

लडीवाला_सोलापूर
उणे लावलं, एरर गेली. पण आता पहिल्याच मिनिटाला ४५.९ दाखवतंय! पप्पांना दाखवलं तर म्हणाले, एवढ्यात थंड होत असतं तर मी दुपारी घरी जेवायला आलो असतो.

जुना_सी_वाला
के काढला मिनिटांवर, वेळ देताय सेकंदांत. वेळ ६० ने भागा. उणे घातांक कितीही मोठा दिलात तरी एरर येत नाही, निमूट ०.० मिळतं, म्हणून ही चूक आता ओरडत नाहीये. आणि त्या लूपची गरजच काय? मॅथ.लॉग(५०/२०) भागिले ०.०३५७, एका ओळीत २५.६७ मिनिटं (५० म्हणजे ९० उणे ४०, २० म्हणजे ६० उणे ४०). मॅथ.लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग बरं का, शाळेच्या तक्त्यातला दहाचा नव्हे.

लडीवाला_सोलापूर
जमलं काका. २५व्या मिनिटाला ६०.५, २६व्याला ५९.८. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत खोली २० अंश धरली तर १५.७ मिनिटं येतात. आज थर्मामीटर घेऊन बसलो, प्रत्यक्षात ३० लागली. के चुकला का?

जुना_सी_वाला
पातेल्यावर झाकण होतं?

लडीवाला_सोलापूर
नव्हतं.

जुना_सी_वाला
मग तेच. ९० अंशांच्या पाण्याची वाफ भसाभसा जाते, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत पाणी जरा जास्तच वेगाने उतरतं. तुम्ही के नेमका तिथलाच घेतलात आणि तो शेवटपर्यंत वापरला. ७५ ते ६० च्या टप्प्याचा के वेगळा काढा, नाहीतर झाकण ठेवून पुन्हा मोजा.

लडीवाला_सोलापूर
झाकण ठेवू देणार नाहीत, त्यांना रंग दिसायला पाहिजे. उद्या ७५ पासून मोजतो.