तक्रारीची बातमी छापून आली. मालकांनी खुलासा द्यावा का?

प्रश्न:
कुडाळजवळच्या एका काजू कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. साठेक कामगार आहेत, त्यांत बहुतेक बायका. पॅकिंगमधील एका कामगार महिलेने मुकादमाविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींसाठी कारखान्यातच नेमलेल्या समितीकडे) दिली असून चौकशी चालू आहे. मध्यंतरी स्थानिक वर्तमानपत्रात त्याची बातमी आली, कात्रणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरला, आणि आता मी सोलाईच्या (काजू सोलण्याच्या) टेबलापाशी गेलो की बोलणे तिथल्या तिथे थांबते. 'तक्रार निराधार असून कारखान्याच्या बदनामीचा डाव आहे' असा खुलासा छापावा, असा मालकांचा आग्रह आहे. काय करावे?

उत्तर १:
असा खुलासा मुळीच देऊ नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याच्या कलम 16 नुसार तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीचे कामकाज, समितीच्या शिफारशी आणि त्यांवरील कारवाई यांपैकी काहीही वर्तमानपत्रांना कळवता येत नाही. माहिती अधिकाराखालीही ते मिळत नाही. शिवाय चौकशीसाठी 90 दिवसांची मुदत असताना मालकांनीच आधी 'निराधार' म्हटले, तर त्यांच्याच पगारावर असलेल्या समिती सदस्यांनी निःपक्षपाती निष्कर्ष काढायचा कसा?

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, पण आपल्याकडची अडचण केवळ नाव गुप्त ठेवण्याची नाही. मी अशा समितीवर बाहेरची सदस्य म्हणून काम केले आहे. 'पॅकिंगमधील महिला' एवढे लिहिले की वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ती कोण ते कळते. (आपण इथेही विभाग लिहिला आहे, शक्य असल्यास तो काढून टाकावा.) त्यामुळे विभाग, कामाची पाळी, गाव, नोकरीची वर्षे यांपैकी काहीही बाहेर जाता कामा नये. वार्ताहराला लेखी दोनच वाक्ये द्यावीत: 'तक्रार प्राप्त झाली असून अंतर्गत समिती कायद्यानुसार चौकशी करीत आहे. चौकशी गोपनीय असल्याने अधिक माहिती देता येणार नाही.' फोनवर बोलू नये, कारण 'तसे काही विशेष नाही हो' हे सहज निघालेले वाक्यच दुसऱ्या दिवशी मथळा होते.

आणि बातमी थंडावेपर्यंत तिला घरी बसवण्याचा विचार असेल, तर तो सोडावा. कलम 12 खालील बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा ही तिने लेखी मागितली आणि समितीने शिफारस केली तरच द्यायची असते. एरवी सोलाईच्या टेबलावर अशा रजेचा अर्थ शिक्षा असाच लावला जाईल.

उत्तर ३:
गोपनीयतेचा बडगा तक्रारदार महिलेवरच उगारला जातो, हे मी पाहिले आहे. 'बातमी तूच फोडलीस, दंड होईल' असे कोणी तिला धमकावत असेल तर थांबवा. कलम 17 मधील दंडाची तरतूद तक्रार आणि चौकशी हाताळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवलेली असते त्यांच्यासाठी आहे. म्हणजे आधी समितीने आणि कार्यालयाने आपल्या फायली कुठे उघड्या पडतात ते पाहावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. प्रश्नातला 'पॅकिंग' हा शब्द काढायला गेलो, पण आता संपादनाची सोय दिसत नाही. या प्रश्नोत्तर मंचाच्या संचालकांना कळवले आहे. मालक दोन वाक्यांना तयार झाले, मात्र तिसरे वाक्य कारखान्याच्या पंचवीस वर्षांच्या नावलौकिकाचे हवे होते. ते मी खोडले. तक्रारीची फाइल आजवर हजेरीच्या टेबलावर असे, ती कुलपात ठेवून किल्ली समितीच्या अध्यक्ष बाईंकडे दिली आहे.