डिले पेडल बिघडवायचंय, पण मारायचं नाही. आधी कुठे हात घालू?

सप्तकबाह्य
स्वस्तातलं डिले पेडल आहे (वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणारं; ते परत येणारे सूर म्हणजे रिपीट). आत पीटी२३९९, सोळा पायांची मोठी आयसी, टाइम पॉट (वेळ बदलायचा फिरता रेझिस्टर) ५०के, म्हणजे ५० हजार ओहम, नऊ व्होल्ट. स्वच्छ डिले नकोय. घसरणारे सूर, घरघर, स्वतःच वाढत जाणारे रिपीट हवेत. सोल्डरिंग येतं. पहिला बदल कोणता करावा? व्होल्टेज उतरवून काही मिळेल का? आणि भाग पुण्यात कुठे मिळतील?

ओहम्_नमः
आयसीचा पाय ६. तिथून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टन्स आतल्या क्लॉकचा (आयसीला ठेका देणाऱ्या भागाचा) वेग ठरवतो. डेटाशीटप्रमाणे २७.६के ला सुमारे ३४२ मिलिसेकंद, ०.५के ला ३१. मेमरी ४४ किलोबिटच, त्यामुळे वेळ ताणायची तर क्लॉक मंदावणार आणि गाळ वर येणार. इतरांना तो दोष वाटतो, तुम्हाला तोच हवाय. ५०के काढून १००के लिनिअर लावा. शेवटच्या पाव फेरीत रिपीटचा अक्षरशः भुगा होतो.

एक पथ्य मात्र पाळा. पेडल सुरू होताना पाय ६ वर साधारण १के पेक्षा कमी रेझिस्टन्स असेल तर आयसी अडकते: रिपीट गायब, आयसी गरम. तसं झालं तर लगेच वीज तोडा. पॉटच्या सिरीजमध्ये २.२के कायमचा ठेवला की ही भानगडच नाही.

गंजकी_तार
१००के ठीक आहे, पण सूर घसरायला हवे असतील तर आधी टाइम पॉटच्या जागी एलडीआर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा भाग). जीएल५५२८ घ्या, त्याला पॅरलल ४७के, आणि या जोडीच्या सिरीजमध्ये तोच २.२के. अंधारात सुमारे ४७ ते ४९के, प्रखर उजेडात ३के च्या आसपास. ४७के विसरलात तर अंधारात एलडीआर एक मेगओहमवर जातो आणि नुसती खरखर उरते. हाताची सावली हलवली की रिपीट वर-खाली वाकतात. ट्यूबलाइटखाली १०० हर्ट्झची थरथर मिसळते. नको असेल तर टॉर्च वापरा. तारा दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा.

वाढत्या रिपीटसाठी: रिपीट पॉटच्या मधल्या पायापासून इनपुटकडे परत जाणारा रेझिस्टर शोधा. बोर्डागणिक किंमत वेगळी, म्हणून मोजा. तेवढ्याच किमतीचा दुसरा, पुश-टू-ऑन बटणामार्फत त्याला पॅरलल. दाबलं की फीडबॅक जवळपास दुप्पट, सोडलं की आवाज हळूहळू ओसरतो. हेडफोन लावून हे करू नका, कानठळ्या बसतील.

फझोबा
व्होल्टेज उतरवायच्या भानगडीत या पेडलवर पडू नका. बहुतेक वेळा आयसीच्या आधी ७८एल०५ (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) असतो. सुमारे ७ व्होल्टपर्यंत त्याच्यापुढे ५ व्होल्टच मिळतात, म्हणजे फरक शून्य. त्याखाली आयसी नीट चालतच नाही. दोन ट्रान्झिस्टरच्या फझला (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलला) मात्र ही युक्ती शोभते: पॉझिटिव्ह तारेत १०के पॉट, दोन पाय जोडून. मरणासन्न बॅटरीचा तुटक, थुंकल्यासारखा आवाज येतो.

बोटांनी वाजवायचं असेल तर पाय ६ आणि ग्राउंड यांना जोडलेले दोन पितळी स्क्रू डब्याबाहेर काढा. कातडीचा रेझिस्टन्स शेकडो के, त्यामुळे टाइम पॉट पूर्ण वर असेल तरच फरक कळतो. ओल्या बोटाने जास्त. डबा पत्र्याचा असेल तर पाय ६ च्या स्क्रूला प्लॅस्टिक वॉशर लावाच. आणि हे फक्त बॅटरीवर. स्वस्त ॲडॅप्टर लावून बोटं लावू नयेत.

ओहम्_नमः
भागांसाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. तिथेच ‘माइक इको बोर्ड’ मागा. बऱ्याच बोर्डांवर हीच आयसी असते. पहिली चिरफाड त्यावर करा. बोर्डाला किती व्होल्ट लागतात ते आधी वाचा.

सप्तकबाह्य
पॉवर काढून मोजलं: पॉट शून्यावर असताना पाय ६ ते ग्राउंड ०.९८के. म्हणजे आत १के आहेच ना? मग २.२के कशाला?

ओहम्_नमः
१के म्हणजे अगदी कड्यावर. ट्रॅक कापू नका. तो १के उचलून त्याच भोकांत २.२के बसवा. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, एका पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. स्वस्त बोर्डाचे पॅड लगेच उखडतात. सर्वात छोटा डिले थोडा लांबेल, पण घरघर आहे दुसऱ्या टोकाला.