न ऐकलेली हाक
शोक खरा, पण पश्चात्ताप म्हणजे स्वतःचीच कीव, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. इंग्रज कवी आणि कादंबरीकार थॉमस हार्डी आठवा. १९१२ च्या नोव्हेंबरात त्याची पत्नी एमा गेली. त्याआधी कित्येक वर्षं दोघं एकाच घरात दुरावलेली. मग त्याच्या कवितांतून ती पूर्वीची होऊन हाका मारू लागते. जिवंतपणी न ऐकलेली हाक! ती हाक की नुसता वारा, ही शंकाही तो लपवत नाही. यात कीव कुठे आहे?

माझं वडिलांशी शेवटचं बोलणं म्हणजे अर्धवट राहिलेलं भांडण. ते गेल्याचं दुःख मी सगळ्यांना सांगितलं. चुकलो होतो, हे मात्र त्या कविता वाचेपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.