'निम्न रक्तदाबाचे भाकीत' बरोबर आहे का?

अनुवादिका: सिझेरियनआधी द्यायच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर कुणाचा रक्तदाब घसरेल हे आधी ओळखण्यावर एक परिच्छेद आहे. मी 'निम्न रक्तदाबाचे भाकीत' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्दांवर काट मारली.

शब्दप्रेमी: भाकीत ज्योतिष्याचं. 'पूर्वानुमान' लिहा.

जुना वाचक: ज्योतिष्याचं का म्हणून? आपण करुणा भाकतो, तेच भाकणं. भाकणं म्हणजे बोलणं, त्यात ग्रहतारे कुठून आले? आणि 'पूर्वानुमान' वाचून बाळंतीण काय समजणार?

भूलतज्ज्ञ: माझा आक्षेप 'निम्न रक्तदाबा'वर आहे. त्याने बाईला वाटतं, आपल्याला हा आजारच आहे. इथे तसं नसतं. भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि काही मिनिटांत बीपी पडतं. बाई 'मळमळतंय' म्हणाली की मॉनिटरवर पुढचा आकडा यायच्या आत मला कळतं. आधीच औषध दिलं नाही तर निम्म्याहून जास्त जणींना हे होऊ शकतं. 'रक्तदाब घसरणे' लिहा.

अनुवादिका: आणि भाकीत?

भूलतज्ज्ञ: भाकीत म्हणण्याइतकी खात्री नाही हो. भुलीआधीची नाडी बघतात, बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा रक्तप्रवाहाचा निर्देशांक बघतात. तो आधीच ३.५ च्या वर असेल तर धोका जास्त, असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही. घसरण कशाला म्हणायचं यावरही एकमत नाही. कुणी मूळ सिस्टोलिकच्या, म्हणजे बीपीच्या वरच्या आकड्याच्या, ८० टक्क्यांखाली म्हणतं, कुणी १०० च्या खाली. म्हणून अंदाजावर विसंबून न राहता फेनिलेफ्रिन हे रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवणारं औषध बहुतेकींना सुरुवातीपासूनच चालू ठेवतात. 'अंदाज' हाच प्रामाणिक शब्द.

शब्दप्रेमी: अंदाज फारसी आहे.

जुना वाचक: मग 'जमीन' आणि 'बाजार'ही काढा! फारसी शब्द मराठीत किती पिढ्या नांदताहेत.

शब्दप्रेमी: बरं. पण 'भूल' तरी वैद्यकीय मजकुरात नको. भूल म्हणजे भ्रम. 'बधिरीकरण' हा नेमका शब्द आहे, कारण यात बाई पूर्ण जागी असते, बाळाचं रडणं ऐकते.

भूलतज्ज्ञ: 'बधिरीकरण' म्हटलं की बायका विचारतात, ऐकू येणार नाही का?

नवी सदस्य: मध्येच विचारते, 'बीपी पडलं' की 'पडला'? आमच्याकडे सगळे 'पडला' म्हणतात.

जुना वाचक: दाब तो, म्हणून 'पडला'.

शब्दप्रेमी: मग 'बीपी वाढलंय' कसं चालतं?