वऱ्हाडातली माणसं कापसानं वाढवली की घालवली?

पेवकरी: ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असं आपण कौतुकानं म्हणतो. पण पडली कुणावर? 1596 मध्ये चांदबिबीनं मोगलांना तोडून दिलेला हा सुभा पुढे निजाम आणि नागपूरकर भोसल्यांच्या दुअमलात, म्हणजे दोघांच्या एकत्र अंमलात, पिळून निघाला. 1853 ला इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी तो निजामाकडून ताब्यात घेतला. अमेरिकेतल्या यादवीत (1861-65) कापसाला भाव चढला आणि ज्वारीच्या वावरात कापूस शिरला. 1891 च्या शिरगणतीत इथे 28.97 लाख माणसं होती, 1901 ला 27.54 लाख. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आहेतच; पण पेवं, म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठारं, रिकामी का होती?

हिशोबनीस: अर्धीच वही उघडलीत. 1867 ची शिरगणती 22.31 लाखांची होती. 24 वर्षांत साडेसहा लाखांवर वाढ, आणि त्यात कापसाच्या मजुरीसाठी बाहेरून आलेलेही आहेत. कापूस जिवावर उठणारा असता तर कोण कशाला आलं असतं? 1867 लाच रेल्वे नागपूरला पोचली. दुष्काळात धान्य त्याच रुळांवरून आलं. 1803 ला अडगाव-गाविलगडच्या लढाया झाल्या आणि पाठोपाठ दुष्काळ पडला, तेव्हा कुठली होती रेल्वे?

पेवकरी: धान्य आलं, पण विकत. पीक बुडालं की मजुरीही बुडते. मग खडी फोडायला दुष्काळी कामावर जा! पेवातली ज्वारी बाजारभाव विचारत नाही.

वऱ्हाडी गडी: आमच्या जुन्या वाड्यात पेव हाये. तोंडावर फरशी. उघडलं का पयले कंदील सोडत खाली. इझला त कोणी उतरत नसे, आत हवा धरते नं! आज्जी सांगे, ज्वारी काढली का वास गल्लीभर जाये. आता थ्यात मोटारीचे पाइप पडले हायेत. पण पेवकरी भाऊ, थे पेव मालकाचं होतं. आमच्या सालदाराच्या घरी कुठचं पेव? त्याले कापसाच्या आधीबी मालकाच्या दारातच उभं राहा लागे.

हिशोबनीस: हेच म्हणत होतो. कापूसवेचणीला निदान रोख मजुरी मिळायची.

पेवकरी: वऱ्हाडी भाऊ, पेवाचं मान्य, मी मालकाच्याच ओसरीवरून बोलत होतो. पण हिशोबनीस, ती रोख वेचणीपुरती. बाकी वर्षाचं काय? आणि दुष्काळाची राख निवते न निवते तोच 1902 ला व्हाइसरॉय कर्झन निजामाशी वऱ्हाडच्या कायम भाडेपट्ट्याचा सौदा करत होता, वर्षाला 25 लाख रुपयांच्या बदल्यात.

हिशोबनीस: पट्ट्याचा इथे काय संबंध? 1911 ला लोकसंख्या तीस लाखांवर गेलीच की.

वऱ्हाडी गडी: गेली नं. पण खडी फोडाले गेलेले सारे वापस आले काय, हे तुमच्या वहीत हाये का?