राजीनामा लिहून दिला, मग बेरोजगारी भत्ता मागायचा कोणत्या तोंडाने?

धागाकर्ता (भोसरीकर)

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात माझा धाकटा भाऊ सहा वर्षे कायम कामगार होता. ऑर्डरी घटल्याचे सांगून त्याच्यासह काही जणांना एका दुपारी ऑफिसात बोलावण्यात आले आणि आधीच छापून ठेवलेल्या राजीनाम्यांवर सह्या घेण्यात आल्या. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनेचा, म्हणजे बेरोजगारी भत्त्याचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा त्या सहीची किंमत कळली. ही योजना १ जुलै २०१८ पासून आहे. मूळ नियमानुसार सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम कमाल ९० दिवस मिळत असे. कोविडच्या काळात ती ५० टक्के करण्यात आली आणि नोकरी गेल्यावर ९० ऐवजी ३० दिवसांनी अर्ज करण्याची मुभा मिळाली. ही सवलत मुदतवाढीवर चालत आलेली आहे. मात्र गैरवर्तनाबद्दल काढलेल्या, निवृत्त झालेल्या वा स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्या माणसाला ही मदत मिळत नाही. स्वतःच्या सहीचा राजीनामा कंपनीच्या फायलीत असताना ‘मला काढले’ हे पटवून द्यायचे कसे? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की भत्त्याचा अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात नव्हे, तर एचआरच्या टेबलावरच मंजूर किंवा नामंजूर होतो, आणि कामगाराने तिथे राजीनामा देऊच नये.

एक एचआरवाला

असहमत. मी गेली काही वर्षे लहान कारखान्यांत हेच काम करतो. राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशेब आठवड्यात चुकता होतो, अनुभवाचा दाखला स्वच्छ मिळतो, आणि पुढच्या गेटवर ‘का काढले?’ असे कोणी विचारत नाही. आपल्या बंधूंचा पगार १८ हजार धरला, तर रोजचे ६०० होतात. निम्म्या दराने नव्वद दिवसांचे २७ हजार, आणि तेही आयुष्यात एकदाच. शिवाय महिनाभर घरी बसल्याशिवाय अर्जच करता येत नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस तोवर दुसरीकडे लागलेला असतो. एवढ्यासाठी मालकाशी वैर घ्यावे, हा सल्ला मला घातक वाटतो.

निवृत्त युनियनवाला

साहेब, आपण हिशेब अर्धाच मांडलात. छाटणी झाली असती, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे सहा वर्षांचे साधारण तीन महिन्यांचे वेतन द्यावे लागले असते. त्यात आता औद्योगिक संबंध संहितेनुसार छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीचे (नवे कौशल्य शिकण्यासाठीचे) आणखी पंधरा दिवसांचे वेतन ४५ दिवसांत जमा व्हायला हवे; ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. राजीनामा घेतला की यातले काहीच द्यावे लागत नाही. ग्रॅच्युइटी तेवढी वाचते, कारण पाच वर्षे भरली की ती राजीनाम्यानंतरही मिळते. तेव्हा ‘स्वच्छ दाखला’ नेमका कोणाच्या सोयीचा, हे उघड आहे. ईएसआयचा भत्ता ही मालकाची मेहेरबानीही नव्हे. त्यासाठी कामगाराच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात.

ठेक्यावरचा

आपण दोघेही कायम कामगारांबद्दल बोलत आहात. आमच्याकडे राजीनामाही नसतो आणि छाटणीही नसते. सोमवारी गेटवर कार्ड लागत नाही, एवढेच. या योजनेसाठी ईएसआय लागू असलेली दोन वर्षांची नोकरी लागते, बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान (विम्याचा भरणा) लागते, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढेच. ठेकेदार बदलताना मधले काही महिने कोणीच भरणा केला नाही, की हे गणित कोलमडू शकते. माझ्या विमा क्रमांकावर कोणत्या महिन्यात किती दिवस भरले गेले, ते मी नोकरी गेल्यावर पहिल्यांदा पाहिले. पाहायला हवे होते दर महिन्याला.

हिंजवडी

ईएसआयची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१ हजारांवर आहे. त्यापुढे पगार असणाऱ्या आम्हा लोकांना राजीनाम्याच्या मेलवर ‘सबमिट’ दाबायला दहा मिनिटे दिली जातात, आणि नंतर अर्ज करायला योजनाच नसते. निदान वाद घालण्याइतका भत्ता तुमच्याकडे आहे.

धागाकर्ता (भोसरीकर)

एचआरवाल्यांना एकच प्रश्न. ईएसआयच्या मासिक भरण्यात नोकरी संपल्याचे कारण नोंदवावे लागते, आणि ‘काम सोडले’ व ‘छाटणी’ यांसाठी तिथे वेगवेगळे पर्याय आहेत. ते मालक भरतो, कामगाराला दाखवत नाही. आपण स्वतः तिथे काय निवडता? भावाने सही दबावाखाली घेतल्याचे पत्र कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहे आणि त्याची प्रत अर्जासोबत जोडली आहे. भत्ता मिळेल की नाही, ते पाहू.

एक एचआरवाला

प्रामाणिकपणे सांगतो, ‘काम सोडले’. फाइल एकदम अपलोड होते आणि मागच्या महिन्याचाच रकाना खाली ओढला जातो. त्यावर कोणाचा भत्ता अडतो, याचा विचार मी केला नव्हता. छाटणीपेक्षा राजीनामा बरा, हे माझे मत मात्र कायम आहे.